पिकअपने जड ट्रेलर ओढायचा असेल तर गाडीत कोणते बदल करावेत आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुहेरी केबिनच्या डिझेल पिकअपमागे दोन ॲक्सलांचा, भरल्यावर सुमारे ३,००० किलो होणारा ट्रेलर ओढायचा आहे आणि वाटेत लांबलचक चढ-उतार आहेत. गाडीच्या पुस्तिकेत ३,५०० किलोंपर्यंत ओढण्याची क्षमता दिलेली आहे. तरीही चढावर गाडी दमते, मागून बसते आणि शेजारून मोठे वाहन गेले की ट्रेलर झुलू लागतो. यावर उपाय म्हणून इंजिनाचे रिमॅपिंग (म्हणजे इंजिनाच्या संगणकातली इंधनाची आज्ञावली बदलणे), मोठ्या व्यासाचे टायर आणि गाडी उंच करणारे लिफ्ट किट, मागच्या ॲक्सलवर एअर बॅग (म्हणजे पाट्यांना आधार देणाऱ्या, हवा भरायच्या पिशव्या) आणि मोठा एक्झॉस्ट असा बेत आहे, आणि यांतले आधी काय करावे असे विचारले आहे.

या चारांपैकी एअर बॅग तेवढी उपयोगी ठरू शकते, आणि तीही इतर काही कामे झाल्यानंतर. मोठे टायर आणि लिफ्ट यांनी ट्रेलर ओढण्याची क्षमता घटते. रिमॅपिंग आणि एक्झॉस्ट यांचा विचार अगदी शेवटी करावा, आणि बहुतेक वेळा तोवर त्यांची गरज उरत नाही. ट्रेलर ओढणारी गाडी ताकदीला कमी पडते असे मालकाला वाटत असते. प्रत्यक्षात कार्यशाळेत येणाऱ्या अशा गाड्या मला बहुतेक वेळा दोन ठिकाणी कमी पडलेल्या दिसतात. एक म्हणजे वजनाची वाटणी आणि दुसरे म्हणजे तयार होणारी उष्णता बाहेर टाकण्याची सोय. ब्रेक, गिअरबॉक्स, टायर, कूलंट हे सगळे शेवटी उष्णतेचेच प्रश्न आहेत.

कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुस्तिकेतला ३,५०० किलोंचा आकडा हा अनेक मर्यादांपैकी केवळ एक आहे. गाडीचे स्वतःचे कमाल भारित वजन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची स्वतंत्र मर्यादा, गाडी व ट्रेलर मिळून होणारे कमाल एकत्रित वजन, हिचवर (म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या गाडीमागच्या जोडावर) लिहिलेली मर्यादा आणि टायर किती भार पेलू शकतो हे सांगणारा त्यावरील भारांक या सर्वांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाते तीच आपली खरी मर्यादा असते. उदाहरण म्हणून असे समजू की गाडीचे रिकामे वजन २,२५० किलो आणि कमाल भारित वजन ३,००० किलो आहे. म्हणजे भारासाठी ७५० किलो उरले. चार माणसांचे ३०० किलो, अवजारे व सामान १०० किलो आणि हिचचे साहित्य ४० किलो धरले तर ३१० किलो शिल्लक राहतात. आता ३,००० किलोंच्या ट्रेलरचा दांडा हिचच्या बॉलवर जो उभा भार टाकतो, ज्याला टंग वेट म्हणतात, तो बारा टक्के धरला तरी ३६० किलो होतो. म्हणजे ओढण्याच्या क्षमतेत ५०० किलो शिल्लक दिसत असताना आणि एकत्रित वजनही मर्यादेत असताना गाडी तिच्या स्वतःच्या भारमर्यादेपेक्षा ५० किलो जास्त भरलेली आहे. हे गणित फार थोडे लोक करतात, आणि मागून बसणाऱ्या बहुतेक गाड्यांचे मूळ इथेच असते.

यातून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: बाहेरून बसवलेला कोणताही भाग निर्मात्याने ठरवलेली वजनमर्यादा वाढवत नाही. जाड पाटे बसवले म्हणून ॲक्सलची नळी, बेअरिंग, चाकांचे नट, ब्रेक आणि चॅसिस बळकट होत नाहीत. सुट्या भागांच्या खोक्यावर छापलेली क्षमता त्या भागापुरती खरी असते, गाडीला ती लागू होत नाही. आपल्या बाबतीत ५० किलो जास्त असतील, तर दोनच खरे उपाय आहेत. गाडीतले सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर आणून ठेवावे, किंवा ट्रेलरच हलका करावा.

वजनकाट्यावर तीन वेळा मोजणी करावी आणि प्रत्येक वेळी पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलावा. पहिली मोजणी प्रवासाला निघताना असेल तशी भरलेल्या एकट्या गाडीची, दुसरी ट्रेलर जोडून पण ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून, आणि तिसरी हिचची जुळणी पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या मोजणीतून पहिली वजा केली की टंग वेट हातात येते, आणि पुढच्या ॲक्सलवरचा भार किती घटला हेही कळते. हा दुसरा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिचचा बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे त्यावरचा भार तरफेप्रमाणे गाडीचे नाक उचलतो. बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२५ मीटर मागे आणि दोन ॲक्सलांमधले अंतर ३.१२५ मीटर असेल, तर ३६० किलोंच्या टंग वेटमुळे पुढच्या ॲक्सलवरून १४४ किलो कमी होतात आणि मागच्या ॲक्सलवर ५०४ किलो वाढतात. ब्रेक लावताना गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढची चाके करतात आणि वळवण्याचे सर्व काम तीच करतात. त्यांच्यावरचा भार असा घटला की स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरतात आणि रात्री समोरच्या वाहनाच्या डोळ्यांवर दिवे जातात.

एअर बॅगचा प्रश्न इथे येतो. एअर बॅगमध्ये हवा भरली की गाडीची मागची बाजू वर येते, गाडी सपाट दिसते आणि मालकाला समाधान वाटते. मात्र बॉल आणि ॲक्सल यांमधली अंतरे तीच राहिल्यामुळे पुढच्या ॲक्सलवरून गेलेले १४४ किलो परत येत नाहीत. गाडी दिसायला सरळ झाली आणि वागायला मात्र पूर्वीसारखीच राहिली, असे होते. त्याहून वाईट म्हणजे मागून बसलेली गाडी पाहून जो सावध झाला असता तो आता निश्चिंत होतो. गेलेला भार पुढे आणण्याचे काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिच करते. त्यात बॉलच्या खालून निघणाऱ्या दोन स्प्रिंगदार पट्ट्या ट्रेलरच्या दांड्याला ताण देऊन अडकवलेल्या असतात आणि त्या तरफेने मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर, तर काही ट्रेलरच्या ॲक्सलांवर ढकलतात. एकूण वजन यामुळे तसूभरही कमी होत नाही, त्याची वाटणी तेवढी बदलते.

किती भार परत आणावा याबाबत निर्मात्यांमध्ये फरक आहे; गमावलेल्या भारापैकी निम्मा परत आणावा असे काही पुस्तिका सांगतात, तर काही संपूर्ण. आपल्या पुस्तिकेत जे असेल तेच पाळावे. पट्ट्या वाजवीपेक्षा जास्त ताणल्या तर मागची चाके हलकी होतात आणि वळणावर ब्रेक लावल्यावर मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका वाढतो, म्हणून ‘जास्त ताण म्हणजे जास्त सुरक्षित’ असे समजू नये. काही गाड्यांच्या आणि काही ट्रेलरांच्या बाबतीत अशी हिच वापरण्यास निर्मात्याने मनाई केलेली असते. विशेषतः दांडा आत दाबला गेल्यावर चालणारे ओव्हररन ब्रेक असलेल्या ट्रेलरवर काही पट्ट्या त्या ब्रेकच्या हालचालीत अडथळा आणतात. खरेदीपूर्वी हे तपासावे. आधी हिच जुळवावी, वजनकाट्यावर खात्री करावी आणि त्यानंतरही मागची बाजू थोडी खाली असेल तर एअर बॅगमध्ये गरजेपुरतीच हवा भरावी. बॅगमध्ये भरपूर हवा भरून मग हिच जुळवली तर कोणता भाग किती भार पेलतो आहे हे कळेनासे होते.

ट्रेलर झुलण्याचा प्रश्नही याच विषयाशी जोडलेला आहे. साध्या बॉल हिचच्या ट्रेलरसाठी टंग वेट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे, आणि गूजनेक किंवा फिफ्थ व्हील प्रकारात, जिथे जोड मागच्या ॲक्सलच्या जवळपास वरच असतो, तिथे १५ ते २५ टक्के. काही देशांत आणि काही गाड्यांसाठी याहून कमी प्रमाण ठरवलेले असते. तिथे वेगमर्यादाही त्याच हिशेबाने कमी असते, म्हणून एकीकडचा आकडा आणि दुसरीकडचा वेग अशी सरमिसळ करू नये. बैलगाडी भरणाऱ्याला गाडी उलाळ (मागे जड) झाली की धुरजड (पुढे जड) हे जसे पहिल्या पावलाला कळते, तसे ट्रेलरचे नाही. मागे जास्त भरलेला ट्रेलर कमी वेगात शहाण्यासारखा चालतो आणि एका ठरावीक वेगानंतर, एखाद्या वाऱ्याच्या झोताचे निमित्त होऊन, अचानक झुलू लागतो. वेग वाढत जातो तसतशी ही झुलणी आपोआप शमण्याची प्रवृत्ती घटत जाते. जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे आणि शक्य तितके खाली ठेवावे. तेच वजन दोन्ही टोकांना विभागून ठेवले तर टंग वेट बरोबर येऊनही ट्रेलर जास्त झुलतो, कारण टोकांकडे असलेले वजन एकदा फिरू लागले की थांबवणे अवघड असते. घर्षणाने झुलणी रोखणारी साधने चांगली आहेत. पण ती चुकीची भरणी झाकण्यासाठी वापरू नयेत. झुलणी सुरू झालीच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय सैल करावा आणि इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलकेच लावावेत. गाडीचे ब्रेक जोरात दाबले तर मागचा ट्रेलर गाडीला आणखी ढकलतो.

आता ब्रेक. माझ्या मते पैसे खर्च करण्याचे पहिले ठिकाण हेच आहे, आणि आपल्या यादीत ब्रेकचा उल्लेखही नाही याची मला काळजी वाटते. वरच्या उदाहरणात गाडी आणि ट्रेलर मिळून सुमारे ५,७०० किलो होतात. ताशी ९० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबताना या वजनाची सुमारे १.८ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. सहा टक्क्यांचा, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा, आठ किलोमीटरचा उतार घेतला तर उंचीतला फरक ४८० मीटर होतो आणि तेवढ्या उतरणीत सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशी ९० वरून पंधरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी, आणि मध्ये ब्रेक थंड व्हायला उसंत न देता. यातली काही ऊर्जा टायरांचे घर्षण आणि हवेचा रोध खातो, काही इंजिनाच्या आवळण्यात जाते. राहिलेली सर्व डिस्क आणि ड्रमवर येते. ताकद वाढवण्यापूर्वी ही उष्णता कुठे जाणार याचे उत्तर तयार असले पाहिजे.

ट्रेलरला स्वतःचे, सर्व चाकांवर काम करणारे ब्रेक असलेच पाहिजेत, आणि ते इलेक्ट्रिक असतील तर चांगला कंट्रोलर बसवावा. ठरावीक वेळेनंतर ठरावीक जोर देणारे स्वस्त कंट्रोलर मिळतात. त्याऐवजी गाडी प्रत्यक्ष किती जोराने मंदावते आहे हे जाणून त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देणारा प्रपोर्शनल कंट्रोलर घ्यावा. तो लावल्यावर कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगात हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून पाहावेत, आणि चाके घसटणार नाहीत अशा कमाल जोरावर तो ठेवावा. ट्रेलर रिकामा असेल तेव्हा हा जोर पुन्हा कमी करावा लागतो. वायरिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. साधारण आकाराच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा प्रत्येक मॅग्नेट सुमारे ३ ॲम्पिअर प्रवाह घेतो, म्हणजे चार चाकांचे मिळून १२ ॲम्पिअर. अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात एक दशांश ओहम इतकाच रोध असला तरी सुमारे एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि ब्रेकना मिळणारा प्रवाह जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतो. त्यामुळे पुरेशा जाडीची वायर वापरावी, ट्रेलरला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि बॉलच्या स्पर्शावर अर्थिंगसाठी विसंबू नये. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची बॅटरी चालू आहे का, हे प्रत्येक प्रवासापूर्वी तपासावे. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याच्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा त्यांच्यावर विसावतो.

गाडीच्या बाजूने ब्रेक ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शोषल्यावर मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापून तेल उकळले की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. पुस्तिकेत मान्य असेल तर डॉट ४ वापरावे आणि जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ते दोन वर्षांच्या आत बदलावे. जास्त तापमानाला टिकणारे पॅड लावावेत. उतरताना चढताना लागेल तोच किंवा त्याहून एक खालचा गिअर ठेवावा, आणि पाय ब्रेकवर सतत हलका ठेवण्याऐवजी ठामपणे दाबून वेग ताशी दहा किलोमीटरने कमी करावा व पूर्ण सोडून द्यावा. एक्झॉस्ट वायूची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी मंदावणारा एक्झॉस्ट ब्रेक कारखान्यातूनच मिळत असेल तर डिझेल गाडीत त्यावर केलेला खर्च मला योग्य वाटतो.

टायरविषयी दोन गोष्टी. पहिली, आकार बदलू नये, प्रत बदलावी. प्रवासी गाड्यांसाठी असलेल्या टायरऐवजी हलक्या ट्रकसाठीचे, जाड कडेचे आणि जास्त भारांकाचे टायर लावले तर कडेची लवचिकता घटते, गाडी बाजूला डोलण्याचे प्रमाण कमी होते आणि टायर थंड राहतो. हवा टायर थंड असताना तपासावी आणि भारानुसार पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी भरावी. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो. ट्रेलरच्या टायरांच्या बाबतीत नक्षी शाबूत असली तरी वय पाहावे, कारण ते महिनोन्महिने उन्हात एकाच जागी उभे असतात. दुसरी गोष्ट व्यासाची. ३१ इंचांच्या जागी ३३ इंचांचा टायर लावला तर ३.७३ चे फायनल ड्राइव्ह गुणोत्तर (म्हणजे ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचे गुणोत्तर) व्यवहारात सुमारे ३.५० सारखे वागू लागते. म्हणजे चाकावर मिळणारा ओढ सहा टक्क्यांनी कमी झाला, ब्रेकना त्या मोठ्या टायरला थांबवायला जास्त जोर लागू लागला आणि चढावरचा दम आणखी घटला. लिफ्ट किटने यात गुरुत्वमध्य वर जाण्याची आणि बॉल उंचावण्याची भर पडते. मग ट्रेलर सपाट ठेवण्यासाठी खाली उतरणारा लांब बॉल माउंट लावावा लागतो आणि हिचवरचा पीळ वाढतो. जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत लिफ्ट किट बसवू नये, एवढेच मी सांगेन.

आता चढावर गाडी का दमते ते पाहू. ५,७०० किलो वजन सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी केवळ उंची गाठायला सुमारे ५६ किलोवॅट लागतात. टायरांचे घर्षण आणि हवेचा रोध धरून चाकांपाशी ७० किलोवॅटच्या आसपास, आणि गिअरबॉक्समधली घट धरली तर इंजिनापाशी साधारण ८० किलोवॅट, म्हणजे सुमारे ११० अश्वशक्ती. आजच्या मध्यम आकाराच्या डिझेल पिकअपमध्ये एवढी शक्ती असते. मात्र ती सलग पंधरा-वीस मिनिटे देत राहायची आणि तितक्या वेळात रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकत राहायची, हे खरे अवघड काम आहे. ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) जे२८०७ या मानकातही हेच तपासले जाते. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमपासून सुरू होणारा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, सुमारे ३८ अंश तापमान आणि एअर कंडिशनर पूर्ण चालू, अशा स्थितीत एकेरी मागच्या चाकांच्या गाडीने ताशी ४० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये.

म्हणून चढासाठी पहिला खर्च थंडाव्यावर करावा. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामध्ये साचलेली माती, किडे आणि गवत काढणे हे अत्यंत साधे काम आहे आणि त्याचा फरक तापमापकावर लगेच दिसतो. पंख्याचा व्हिस्कस क्लच थकलेला असेल तर तो बदलावा, कूलंट योग्य प्रमाणात आणि ताजे असावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याच्या तेलाचा तापमापक आधी बसवावा आणि मग कूलरचा निर्णय घ्यावा. हे तेल साधारण ८० ते ९५ अंशांत असावे. १२० अंशांच्या पुढे ते झपाट्याने खराब होऊ लागते आणि त्याबरोबर सील व क्लचप्लेट यांचे आयुष्यही. मोठी उष्णता टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग) लॉक नसताना तयार होते, त्यामुळे चढावर गिअरबॉक्स वरखाली करत राहण्याऐवजी टो-हॉल मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबदलाची खास सोय) लावून किंवा हाताने एक गिअर खाली ठेवून तो लॉक राहील असे चालवावे. इंजिनाचा आवाज वाढला तरी गिअरबॉक्स थंड राहतो. कूलर घ्यायचा तर रचलेल्या पट्ट्यांच्या प्रकारचा घ्यावा आणि तो रेडिएटरमधल्या मूळ कूलरनंतर, परतीच्या नळीत जोडावा. अतिथंड हवामानात तेल गरज नसताना थंड होऊ नये म्हणून थर्मोस्टॅटसह घ्यावा. मॅन्युअल गाडीत हे काम उरत नाही. तिथे क्लचची स्थिती आणि चढावर गाडी सुरू करताना क्लच न घसटण्याची सवय महत्त्वाची.

थंडावा पुरेसा असूनही गाडी दमत असेल तर फायनल ड्राइव्हचे गुणोत्तर बदलण्याचा विचार करावा. ३.५५ ऐवजी ४.१० गुणोत्तर लावले तर चाकांवरचा ओढ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिनाच्या आत काहीही बदललेले नसते. पाच किंवा सहा गिअरांच्या जुन्या गाड्यांसाठी हा बदल मला रिमॅपिंगपेक्षा कितीतरी चांगला वाटतो. आठ-दहा गिअरांच्या नव्या गाड्यांत मात्र योग्य गिअर आधीच उपलब्ध असतो, त्यामुळे फायदा कमी. किंमत म्हणून रिकाम्या गाडीतही इंजिन त्याच प्रमाणात जास्त वेगाने फिरते आणि इंधन वाढते. चारही चाके चालवणारी गाडी असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखेच बदलावे लागते, स्पीडोमीटर पुन्हा जुळवावा लागतो, आणि नवीन क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरजोडी) जमेपर्यंत, साधारण पहिले ८०० किलोमीटर, ट्रेलर जोडू नये.

वेगाबद्दल इथेच सांगतो, कारण तो फुकटचा बदल आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटरने गेले तर हवा कापायला लागणारी शक्ती सुमारे ८० टक्क्यांनी वाढते, आणि उंच, चौकोनी ट्रेलर मागे असताना ही मागणीच सर्वांत मोठी ठरते.

रिमॅपिंगविषयी माझे मत आता स्पष्ट झाले असेल. जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता, आणि रिकाम्या गाडीत ती काही सेकंदांपुरती असते तर ट्रेलर ओढताना सलग वीस मिनिटे. करायचेच असेल तर एक्झॉस्ट वायूचे तापमान दाखवणारा पायरोमीटर टर्बोच्या आधी बसवावा. तिथे सलग भाराखाली ७०० अंश सेल्सिअसच्या जवळ आकडा राहू लागला तर इंधन जास्त होत आहे असे समजावे. कमाल शक्ती दाखवणारी फाइल न घेता मधल्या फेऱ्यांवर थोडा टॉर्क वाढवणारी, तापमानावर मर्यादा ठेवणारी फाइल घ्यावी. धूर रोखणारा फिल्टर किंवा कॅटॅलिस्ट काढून मोठा एक्झॉस्ट लावणे अनेक देशांत बेकायदा आहे, आणि ट्रेलर ओढण्यासाठी त्याची गरजही नसते. वॉरंटी आणि विमा यांवर होणारा परिणाम कोणताही बदल करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा.

सर्व काही एकदम करू नये. आधी वजन, मग ट्रेलरचे ब्रेक व कंट्रोलर, मग हिच, आणि प्रत्येक कामानंतर त्याच रस्त्यावर, त्याच भाराने एक फेरी. त्या फेरीत गिअरबॉक्सचे आणि कूलंटचे कमाल तापमान टिपून ठेवावे. थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाचे तापमान हातात धरायच्या इन्फ्रारेड तापमापकाने घ्यावे; एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक दिसला तर तिथे ब्रेक अडकत आहे किंवा बेअरिंग घट्ट झाले आहे. चाके काढून पुन्हा बसवली असतील तर पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर त्यांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि हिचचे बोल्ट त्याच थांब्यावर. या तिन्ही कामांनंतरही मोठे वाहन शेजारून जाताना ट्रेलर झुलत असेल, तर मागचे शॉक ॲब्सॉर्बर आणि पाट्यांचे बुश पाहावेत. वापरलेल्या पिकअपमध्ये ते झिजलेले सापडण्याची शक्यता मोठी असते, आणि ते बदलण्याचा खर्च आपल्या यादीतल्या कोणत्याही भागापेक्षा कमी असेल.